हॉटेलातलं जेवण : चव, हिशोब आणि अदब

अन्नाला नावं ठेवू नयेत, हे आपल्या घरांत लहानपणापासून शिकवलं जातं. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी कधी जेवणात खोट काढली नाही, आवडलं तर खाल्लं आणि नाही आवडलं तर राहू दिलं, अशी हदीस आहे. मग हॉटेलांबद्दल रोखठोक मतं लिहावीत का, हा प्रश्न आमच्याही घरात निघाला. आई म्हणाली, "लिहू नका, रिझ्क आहे." मुलं म्हणाली, "पण आपण पैसे मोजतो ना?"

दोघांचंही बरोबर आहे. घरी कोणी प्रेमानं रांधून वाढलं, तर तिथं गप्प बसून खावं. हॉटेल मात्र व्यवहार आहे, आणि व्यवहाराबद्दलची हदीसही आपल्याला माहीत आहे. बाजारातून जाताना प्रेषितांनी (सल्ल.) धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा वरचं धान्य कोरडं आणि आतलं ओलं निघालं. त्यांनी विक्रेत्याला तिथंच जाब विचारला आणि ओला माल वर का ठेवला नाहीस, की लोकांना दिसला असता, असं सुनावलं. म्हणजे अन्नाचा आदर करायचा, आणि विकणाऱ्याकडून खरेपणाही मागायचा. गेली काही वर्षं आम्ही सगळे मिळून मुंबईत आणि बाहेरगावी जिथं जिथं जेवलो, त्याबद्दलची ही मतं याच दोन गोष्टी धरून लिहिली आहेत.

निहारी सकाळचीच

भेंडी बाजारातलं नूर मोहम्मदी हॉटेल 1923 पासून चालू आहे. नल्ली निहारी आणि चिकन हकीमी या तिथल्या नावाजलेल्या चिजा. मकबूल फिदा हुसेन यांचं चित्रही या हॉटेलात लागलेलं आहे. पण आम्ही जातो ते चित्रासाठी नाही, नळीतल्या मगजासाठी. 'नहार' म्हणजे सकाळ, त्यावरूनच निहारी हा शब्द आला. रात्रभर मंद आचेवर शिजलेलं हे सालन फजरनंतर खाण्यात खरी मजा आहे. संध्याकाळपर्यंत कुठल्याही हॉटेलातली निहारी पुन्हापुन्हा तापवून घट्ट होते आणि मसाला पिठूळ लागतो. आमचं सरळ मत असं, की रात्री निहारी मागवायची असेल तर दुसरं काही मागवा. सकाळी गेलात तर आलं, हिरवी मिरची आणि लिंबू मागून घ्या, आणि नान एकेक करूनच मागवा. गार नानानं निहारीची सगळी लज्जत जाते.

नागपाड्याच्या सार्वीत सीख कबाब खावेत. मसाल्याचा मारा नाही, कबाब इतके मऊ की दात नसलेल्या माणसालाही जमावेत. सआदत हसन मंटो मुंबईत असताना याच भागात राहत होते, त्यामुळे या हॉटेलाचं नाव त्यांच्याशी जोडून सांगितलं जातं. कुलाब्याचं ऑलिम्पिया कॉफी हाऊस 1918 चं. तिथला खिमा-पाव आणि भेजा फ्राय सकाळी खावा, वर कडक चहा. तिथं बसून बिर्याणी मागवणं आम्हाला पटत नाही. प्रत्येक हॉटेलाचे दोन-तीनच पदार्थ खरे असतात, बाकीचा मेनू गर्दी सांभाळण्यासाठी असतो. वेटरला "इथं लोक काय खायला येतात?" एवढंच विचारलं, तर तो बहुधा खरं सांगतो.

बिर्याणीबद्दल मात्र आम्ही कडक आहोत. मुंबईच्या बिर्याणीत बटाटा असतो, आलूबुखारा असतो, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती दम न दिलेल्या बिर्याणीबद्दल. एका नावाजलेल्या हॉटेलात आमच्यापुढे जी प्लेट आली, तिच्यात भात वेगळा शिजवलेला, मटण वेगळं तापवलेलं, आणि वाढताना दोन्हीची गाठ घालून दिलेली होती. ओळखायला सोपं आहे. दमाच्या बिर्याणीत खालचा भात मसाल्यात मुरलेला आणि वरचा मोकळा, पांढरा-केशरी असतो, आणि मटणाचा वास भाताला लागलेला असतो. जिथं मसाला नुसता वरून ओतलेला दिसतो, तिथं ती बिर्याणी नव्हे, सालन-भात.

रमजानची गल्ली

मिनारा मशिदीच्या गल्लीत रमजानमध्ये एकदा तरी जावंच. सुलेमान उस्मान मिठाईवाला हे दुकान 1936 चं. अफलातून, मालपोवा आणि मातीच्या वाटीत लावलेली फिरनी खाल्ल्याशिवाय मुलं परत निघत नाहीत. तिथून बोहरी मोहल्ल्यात गेलात तर ताज आईस्क्रीम आहे, थेट 1887 पासूनचं. बर्फ आणि मीठ घातलेल्या संच्यात हातानं फिरवलेलं सीताफळाचं आईस्क्रीम एकदा खाल्लं, की डब्यातलं आईस्क्रीम साबणासारखं लागतं.

पण या गल्लीबद्दल खरं बोलायचं तर चव आणि घाई एकत्र नांदत नाहीत. शेवटच्या अशऱ्यात गर्दी इतकी असते, की कढईतलं तेल बदलायला कोणाला सवड नसते. तेल काळपट दिसलं, धूर डोळ्यांना झोंबला, फेस खाली बसत नसला, की आम्ही पुढं सरकतो. वारंवार तापवलेल्या तेलातल्या ध्रुवीय घटकांचं प्रमाण 25 टक्क्यांवर गेलं, तर ते तेल वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम 2018 पासून आहे. गिऱ्हाईक काही यंत्र घेऊन जात नाही, पण डोळे आणि नाक आहेतच. तंदुरीचा लालभडक रंगही मिरचीचा नसतो, डबीतला असतो. मुलांसाठी रंगाशिवायचा मलाई टिक्का मागवा. दिवसभर रोजा ठेवलेल्या पोटाला पहिला घास तरी स्वच्छ मिळाला पाहिजे.

'फॅमिली रूम' वरच्या मजल्यावर

आता ज्या गोष्टीवर घरातल्या बायका सगळ्यात जास्त बोलतात, ती. आपल्या बहुतेक जुन्या हॉटेलांत खालचा हॉल पुरुषांचा आणि 'फॅमिली' वर. वर जायला अरुंद, तेलकट जिना. ज्या आईच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, तिनं काय करायचं? बरेचदा वर एसी आहे म्हणून त्याच निहारीचा दरही जास्त. म्हणजे बायको-मुलींना घेऊन गेलं की जास्त पैसे भरायचे. एका ठिकाणी आम्हाला माळ्यावर अशा टेबलाशी बसवलं, की डोकं छताला लागत होतं आणि बेसिन मात्र खाली पुरुषांच्या हॉलमध्ये होतं.

पडद्याची सोय करायची तर ती इज्जतीची असावी, अडगळीची नसावी. तळमजल्यावर दोन टेबलांना लाकडी जाळी लावली, बायकांसाठी स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह ठेवलं, मगरिबच्या वेळी दोन मुसल्ल्यांपुरती जागा दिली, तर खर्च फार येत नाही. नव्या हॉटेलांनी हे केलं आहे. म्हणूनच चव दुय्यम असूनही आपली कुटुंबं तिकडे वळतात, हे जुन्या मालकांनी समजून घ्यावं.

हलालच्या पाटीपलीकडे

काउंटरवर 'हलाल' लिहिलेलं असलं की आपण निश्चिंत होतो. मोहल्ल्यातल्या हॉटेलात ते ठीक आहे. मॉलमधल्या किंवा मोठ्या हॉटेलात मात्र विचारायला लाजू नये : मटण-चिकन कुठून येतं, त्याच कढईत दुसरं काही तळलं जातं का, सॉसमध्ये किंवा मिठाईत वाइन-रम आहे का, पुडिंगमधलं जिलेटिन कशाचं आहे. चिकन हलाल आणि बाजूच्या टेबलावर दारू, असं असेल तर आम्ही उठतो, कितीही नावाजलेलं हॉटेल असो. शांतपणे "माफ करा, आम्ही इथं बसणार नाही" म्हटलं की पुरतं.

कुरआनात हलालबरोबर तय्यब, म्हणजे शुद्ध आणि चांगलं, हा शब्द येतो. हात न धुता नान उचलणारा पोऱ्या, पुसलेल्या फडक्यानंच पुन्हा पुसलेलं ताट, हे तय्यबमध्ये बसत नाही. बिलाकडेही नीट पाहावं. अन्नपरवान्याचा 14 अंकी क्रमांक 2022 पासून बिलावर छापणं बंधनकारक आहे. सेवा शुल्क हॉटेलानं आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये सांगितलं आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. ते काढून टाकायला सांगा, आणि वाढणाऱ्याच्या हातात स्वतःहून काही ठेवा. तो दिवसभर उभा असतो.

आपलं जेवण कुठं आहे?

आमची सगळ्यात मोठी तक्रार चवीची नाही, गैरहजेरीची आहे. हॉटेलांच्या पाट्या वाचा : दिल्ली, लखनौ, हैदराबाद, इराण. रत्नागिरी आणि रायगडच्या मुस्लिम घरांतलं नारळाच्या दुधातलं सालन, सांदण, घावन, खापरोळी, कोळंबीचा पुलाव हे मुंबईच्या किती हॉटेलांत मिळतं? इतक्या कोकणी कुटुंबांच्या शहरात ते शोधावं लागतं. ते सगळं घरातल्या बायकांच्या हातात राहिलं, आणि घराबाहेर 'मुस्लिम जेवण' म्हणजे बटर चिकन आणि तंदुरी असं समीकरण झालं. आपल्या मुलांनाही तसंच वाटू लागलं आहे.

मराठवाड्याचं उदाहरण पाहा. औरंगाबादचा नान-खलिया मुहम्मद तुघलकाच्या लष्कराबरोबर, 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला आली तेव्हापासून चालत आला, असं परंपरेनं सांगतात. मोठ्या देगेतलं तिखट सालन आणि हळदीचा पिवळसर नान, लग्नात आणि उरुसात शेकडो माणसांना पुरणारं हे जेवण. आज तिथं ते हॉटेलातही मिळतं, आणि बाहेरगावचा माणूस ते विचारत येतो. कोकणच्या सांदणाला ही जागा का मिळू नये? घरून डबे देणाऱ्या आपल्या अनेक भगिनी हे पदार्थ उत्तम करतात. हॉटेलवाल्यांनी शुक्रवारी एक दिवस त्यांच्याकडून दोन पदार्थ घेऊन पाहावेत. गिऱ्हाईक नक्की येईल.

ताटात उरलेलं

शेवटची तक्रार हॉटेलवाल्यांबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. ईदनंतरच्या रविवारी कुठल्याही टेबलाकडे पाहा : अर्धी बिर्याणी, चार नान, दोन कबाब तसेच. कुरआनात खाण्यापिण्याची मोकळीक आहे आणि त्याच्याच जोडीला उधळपट्टीची मनाई आहे. पाहुण्यांपुढे टेबल भरलेलं दिसावं म्हणून मागवणं हा इस्राफच. बोहरा कुटुंबं एकाच थालाभोवती बसून चिमूटभर मिठानं सुरुवात करतात. त्या पद्धतीत कोणाच्या ताटात किती उरलं हा प्रश्नच फारसा येत नाही. आम्ही चौघांत दोन प्लेट मागवतो, संपलं तर तिसरी. उरलं तर लाज न बाळगता पार्सल बांधून घेतो, आणि वाटेत कोणी भुकेला दिसला तर त्याला ताजं असतानाच देतो.

हॉटेल मालकांना आमची विनंती एवढीच : तळमजल्यावर बायकांना जागा द्या, प्रत्येक पदार्थाची हाफ प्लेट ठेवा, आणि आठवड्यातून एकदा तरी इथल्या मातीचं जेवण रांधा. आणि वाचकांना एवढंच : जेवण आवडलं तर आत जाऊन आचाऱ्याला सांगा, नाही आवडलं तर गल्ल्यावर मालकाला हळूच सांगा. चार लोकांत त्याची अब्रू काढू नका. बहुतेक मालक ऐकतात, पुढच्या वेळी तुम्हाला ओळखतातही.