आधी विचारू, मग अंगठा देऊ

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

 

आजचा विषय आहे करोना. तुम्ही म्हणाल, आता कशाला जुनं उकरून काढता? खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ रोजी करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. तरी गटांच्या बैठकांत आम्हाला दोन प्रश्न अजून विचारले जातात. पहिला, "तेव्हा डॉक्टर आज एक औषध सांगायचे, उद्या दुसरं. मग खरं काय होतं?" दुसरा प्रश्न पाड्यावरच्या बाया जरा हळू आवाजात विचारतात, "आम्हा आदिवासींवर औषधांचे प्रयोग करतात, हे खरं का?" हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांची नीट उत्तरं मिळाली नाहीत, तर पुढच्या साथीत माणसं एक तर दवाखान्याला घाबरून घरात मरतील, नाहीतर न विचारता कुठल्याही कागदावर अंगठा देतील. दोन्ही आपल्याला नको आहे.

पहिला प्रश्न आधी घेऊ. समजा दुकानदारानं नवं खत दिलं आणि म्हणाला, भात दुप्पट येईल. आपण काय करू? सगळ्या शेतात टाकणार नाही. एका वाफ्यात टाकू, शेजारच्या तशाच वाफ्यात नाही टाकणार. बियाणं तेच, पाणी तेच. मग कापणीला दोन्ही वाफे बघू. नुसता खताचाच वाफा बघितला, तर पीक खतानं आलं की चांगल्या पावसानं, हे कळणारच नाही. औषधाची चाचणी अशीच असते. काही रुग्णांना नवं औषध देतात, काहींना नेहमीचे उपचार देतात. कोणाला काय मिळेल, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. नाहीतर डॉक्टर नकळत धडधाकट माणसालाच नवं औषध देतील आणि निकाल खोटा येईल.

२०२० साली आजार नवा होता. हाताशी वाफे नव्हते, कापणी तर दूरच. म्हणून डॉक्टरांनी जे जवळ होतं ते देऊन पाहिलं. मग एकेक चाचणीचा निकाल येत गेला, तसे उपचार बदलले. हे बदलणं लबाडीचं नव्हतं, ते शिकणं होतं.

तीन निकाल लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला डेक्सामेथासोनचा. हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड औषध आहे. इंग्लंडमधल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या मोठ्या चाचणीचा निकाल जून २०२० मध्ये आला. व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांतले मृत्यू या औषधानं सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. ऑक्सिजन लावलेल्यांतले सुमारे एक पंचमांशानं कमी झाले. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना काहीच फायदा दिसला नाही. म्हणजे एकच गोळी दवाखान्यात जीव वाचवणारी आणि घरी उगाच घेतली तर बिनकामाची. बिनकामाचीच नव्हे, धोक्याचीही. स्टेरॉइडनं रक्तातली साखर वाढते, अंगातली लढायची ताकद कमी होते. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीचा आजार किती पसरला, ते आठवा. मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइड गरजेपेक्षा जास्त घेतलेल्या रुग्णांना तो जास्त झाला. म्हणून शेजारणीला लागू पडली ती चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणू नका.

दुसरा निकाल प्लाझ्माचा. बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला प्लाझ्मा मिळवायला लोकांनी तेव्हा रात्र रात्र धावपळ केली, कर्ज काढलं. आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, ३९ दवाखान्यांतल्या ४६४ रुग्णांवर त्याची चाचणी केली. मृत्यू कमी होत नाहीत, आजार बळावणंही थांबत नाही, असं त्यात दिसलं. मे २०२१ मध्ये सरकारी उपचारसूचीतून प्लाझ्मा काढून टाकला गेला.

तिसरा निकाल मलेरियाच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा आणि जंताच्या आयव्हरमेक्टिनचा. मोठ्या चाचण्यांत करोनाच्या रुग्णांना या दोन्ही गोळ्यांचा उपयोग दिसला नाही. मलेरियाला मलेरियाचं औषध चालतं, जंताला जंताचं. करोनाला नाही.

आता बोटाला लावायच्या यंत्राबद्दल, म्हणजे ऑक्सिमीटरबद्दल थोडं. बऱ्याच ठिकाणी आशाताईंकडे ते असतं. आकडा ९४ च्या खाली गेला की दवाखाना गाठायचा, हे आपण शिकलो. पण डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. गोऱ्या आणि काळ्या रुग्णांत यंत्राचा आकडा आणि रक्त काढून केलेली तपासणी ताडून पाहिली गेली. रक्तात ऑक्सिजन कमी असूनही यंत्र ‘ठीक’ दाखवतंय, असं काळ्या रुग्णांत जवळजवळ तिप्पट वेळा घडत होतं. यंत्र बोटातून उजेड पाठवतं, त्वचेचा गडद रंग त्यात आड येतो. आपल्या भागात उन्हातान्हात राबणारी, सावळ्या-काळ्या रंगाची माणसं जास्त. म्हणून आकडा ९५ असला तरी धाप लागत असेल, ओठ निळे पडत असतील, माणूस भ्रमिष्टासारखं बोलत असेल, तर यंत्रापेक्षा माणसाकडे बघा आणि निघा. नखाला रंग असेल तर आधी पुसा.

चाचणी कोणावर झाली, याला महत्त्व का आहे, ते यातून कळतं. आपल्यासारखी माणसं चाचणीत नसली, तर आपल्याला काय लागू पडतं ते कोणालाच कळत नाही. मग दुसरा प्रश्न येतो. आपल्याला चाचणीत घेतलं, तर आपली फसवणूक होणार नाही कशावरून?

ही भीती हवेतून आलेली नाही. २००९ साली आंध्र प्रदेशच्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस दिली गेली. ‘पाथ’ ही अमेरिकी संस्था आणि आयसीएमआर यांचा तो प्रकल्प होता. खम्मममध्ये सुमारे १४ हजार मुलींना लस दिली. त्यात वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुली बऱ्याच होत्या. अनेकींच्या संमतिपत्रावर आईबापाची नव्हे, तर वॉर्डन किंवा मुख्याध्यापकांची सही होती. सात मुलींचे मृत्यू झाल्यावर गदारोळ झाला आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण संमती घेण्याच्या पद्धतीवर संसदेच्या समितीनं २०१३ च्या अहवालात कडक ताशेरे ओढले.

ही गोष्ट अर्धी सांगितली तर घात होतो. "लसीनं मुली मेल्या" असं सांगणं खोटं आहे. एचपीव्ही लस कर्करोगापासून वाचवते, जगभर दिली जाते. आणि "काहीच चुकलं नाही" हेही खोटं. लस चांगली असली तरी आईला न विचारता मुलीच्या दंडात सुई टोचायचा हक्क कोणाला नाही.

सातासमुद्रापार हेच घडलं आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात हवासुपाई नावाचे आदिवासी एका खोल दरीत राहतात. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० च्या सुमारास तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी त्यांचं रक्त घेतलं. पुढं तेच रक्त मानसिक आजार आणि त्यांचे पूर्वज कुठून आले अशा अभ्यासांनाही वापरलं गेलं. लोकांना हे २००३ साली कळलं. ते कोर्टात गेले. २०१० मध्ये विद्यापीठानं ७ लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. त्यांच्यासाठी ते नुसते नमुने नव्हते, आपल्या माणसांचं रक्त होतं.

त्याच भागातले नवाजो आदिवासी काय करतात ते ऐका. त्यांनी २००२ साली आपल्या लोकांवरच्या जनुकीय संशोधनाला बंदी घातली. त्यांचं स्वतःचं संशोधन-तपासणी मंडळ आहे. त्याच्या परवानगीशिवाय तिथं कोणी अभ्यास करू शकत नाही. मे २०२० मध्ये लोकसंख्येच्या मानानं करोनाचे रुग्ण अमेरिकेत सगळ्यात जास्त त्यांच्याकडे होते. हात धुवा म्हणणं सोपं, पण तिथल्या सुमारे तीनातल्या एका घरात नळच नव्हता. आपल्याला हे समजावून सांगायला नको. अशा वेळी त्या मंडळानं फायझरच्या लसीची चाचणी आपल्या भागात घ्यायला परवानगी दिली. विचार असा, की लस आपल्या माणसांना चालते का, हे आपल्याच माणसांत बघावं. प्रत्येकानं स्वतः ठरवायचं, सक्ती नाही. सूचना नवाजो भाषेत रेडिओवरून दिल्या गेल्या. पुढे लसीकरणात ते अमेरिकेतल्या कितीतरी भागांच्या पुढे गेले. ज्यांनी आधी ‘नाही’ म्हणण्याचा हक्क मिळवला, त्यांनाच विश्वासानं ‘हो’ म्हणता आलं.

अमेरिकेतल्याच चेरोकी लोकांनी लस पहिल्यांदा देताना आपली भाषा अस्खलित बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांना पुढच्या रांगेत ठेवलं. म्हातारी गेली की तिच्याबरोबर गाणी, औषधी झाडांची नावं, सगळं जातं. कोरकू, गोंडी, पावरी बोलणाऱ्या घरांना हे लगेच समजेल.

आपल्याकडेही "आदिवासी लस घेत नाहीत" असं सरसकट बोललं गेलं. पण जून २०२१ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानंच सांगितलं, की आदिवासी जिल्ह्यांतलं लसीकरण लोकसंख्येच्या मानानं देशाच्या सरासरीपेक्षा थोडं पुढं आहे. जिथं आपल्या बोलीत सांगितलं गेलं, जिथं आशा आणि अंगणवाडी सेविका पायी, होडीनं घरापर्यंत पोहोचल्या, तिथं लोक पुढे आले.

आता नियम काय म्हणतो ते बघू. आयसीएमआरची २०१७ ची नियमावली आदिवासींबद्दल वेगळं सांगते. संशोधन आदिवासींच्या उपयोगाचं असेल तरच करावं. पाड्यावर येण्याआधी जिल्हाधिकारी किंवा आदिवासी विकास खात्यासारख्या अधिकाऱ्यांची परवानगी हवी. संमती घेताना गावातली जाणती माणसं आणि बोली जाणणारी व्यक्ती सोबत हवी, साक्षीदार हवा. आणि गावानं परवानगी दिली म्हणून घरातल्या बाईची संमती मिळाली असं होत नाही. ती वेगळी घ्यावी लागते.

सध्या हे जास्त कामाचं आहे. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. आदिवासी भागांत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची रक्ततपासणी करायचं तेव्हा ठरलं होतं. ही सरकारी आरोग्यसेवा आहे, प्रयोग नव्हे. ती तपासणी जरूर करून घ्या आणि सिकलसेलचं कार्ड जपून ठेवा. सिकलसेलच्या माणसाला करोनासारखी साथ जास्त जड जाते, म्हणून आधी माहीत असलेलं बरं. पण उद्या दुसरं कोणी रक्त घ्यायला आलं, तर हे सहा प्रश्न विचारा. गटाच्या वहीत लिहून ठेवा.

एक, ही नेहमीची तपासणी आहे की संशोधन?

दोन, रक्त कशासाठी घेता? उरलेल्याचं काय करणार? दुसऱ्या कामाला वापरणार का?

तीन, ‘नाही’ म्हटलं किंवा मधेच सोडलं, तर दवाखान्यात उपचार मिळतील ना? उत्तर ‘हो’ असंच पाहिजे.

चार, काही त्रास झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार?

पाच, नैतिकता समितीची परवानगी कुठं आहे? औषधाची चाचणी असेल तर तिची सरकारी नोंद, म्हणजे सीटीआरआय क्रमांक, काय आहे?

सहा, माहितीपत्राची प्रत आमच्याकडे राहील ना? आणि निकाल आम्हाला येऊन सांगणार ना?

वाचता येत नसेल, तर संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार समोर बसवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. गटातली शिकलेली मुलगी ही साक्षीदार होऊ शकते. "घरी विचारून सांगते" म्हणायलाही पूर्ण हक्क आहे. खरं संशोधन एका रात्रीत पळून जात नाही.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की अर्धा तास काढा. हे सहा प्रश्न आपल्या बोलीत म्हणून बघा. एकीनं पथकातली बाई व्हावं, दुसरीनं पाड्यावरची. कर्जाच्या कागदावर व्याज विचारल्याशिवाय सही करायची नाही, हे आपण गटात शिकलो. अंगातल्या रक्ताचा हिशेब त्याहून मोठा आहे. आधी विचारू, समजून घेऊ, आणि पटलं तर खुशाल अंगठा देऊ.

येतो आम्ही. काळजी घ्या.