संध्याकाळी सातचं युनिट

चांगल्या दमाचा माणूस डायनामो जोडलेल्या सायकलवर बसून सलग दहा तास पेडल मारत राहिला, तर एक युनिट वीज तयार होईल. मधे जेवण नाही, चहा नाही, घाम पुसायला उसंत नाही. तेच युनिट आपल्याला घरबसल्या आठ-दहा रुपयांत मिळतं, आणि तरी बिल आलं की आपण कपाळाला आठ्या घालतो. त्या आठ्या अगदीच खोट्या नाहीत, पण त्याकडे जरा नंतर येऊ.

आधी त्या एका युनिटमधलं बळ पाहू. साठ किलो वजनाचा माणूस समुद्रसपाटीपासून थेट कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच माथ्यावर उचलून ठेवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साडेतीनपटीहून जास्त ऊर्जा एका युनिटमध्ये असते. उलट बाजूनेही मोजता येतं. चार मजली इमारतीच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी खाली सोडली आणि पडणाऱ्या पाण्यावर चक्र फिरवलं, तर फार तर दोन-तीन मोबाइल चार्ज होतील. तेच हजार लिटर पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून पावणेपाचशे मीटर खाली कोकणात सोडलं, तर एक युनिट मिळतं आणि वर थोडं उरतं. कोयनेचं सगळं गणित या एका वाक्यात आहे.

कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट. म्हणजे सगळी जनित्रं पूर्ण दमाने चालली, तर तासाला १९ लाख ६० हजार युनिट. आता पाण्याकडे पाहा. कृष्णा पाणीवाटप लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८३२ कोटी लिटर. या सगळ्या पाण्यातून, टप्पे धरून हिशोब केला, तर वर्षाला पावणेतीनशे कोटी युनिटांच्या आसपास वीज निघते. भागाकार करा: पूर्ण क्षमतेने चालवली तर कोयना वर्षातले फक्त १४०० तास चालेल. दिवसाला चार तासही नाहीत!

महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणवणारा प्रकल्प दिवसाचे वीस तास स्वस्थ बसू शकतो, हे ऐकून पहिल्यांदा चमकायला होतं. पण हा प्रकल्पाचा दोष नव्हे, तेच त्याचं काम आहे. कोळशाची भट्टी पेटवून पूर्ण भारावर आणायला तासन् तास जातात. पाण्याची झडप उघडली की काही मिनिटांत वीज हजर. म्हणून कोयनेचं पाणी राखून ठेवायचं आणि राज्यभर दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर एकदम सुरू होतात त्या वेळी सोडायचं. विजेच्या धंद्यात किती युनिट आहेत याला महत्त्व असतंच, पण कोणत्या वाजता आहेत याला त्याहून जास्त असतं. बिलावर मात्र बहुतेकांना अजून फक्त 'किती' दिसतं.

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल पहिली भीती याच 'किती'ची असते. एवढ्या गाड्या विजेवर आल्या तर वीज आणायची कुठून? करून पाहू हिशोब. महाराष्ट्रात तीन कोटी दुचाकी आहेत असं धरा आणि उद्या सकाळी त्या सगळ्या विजेच्या झाल्या असंही धरा. प्रत्येक रोज वीस किलोमीटर फिरते. विजेच्या स्कूटरला त्यासाठी चार्जिंगमधली घट धरून साधारण ०.६५ युनिट पुरतं, म्हणजे सहा-सात रुपये. पेट्रोलच्या स्कूटरला सुमारे ४०० मिलीलिटर लागतं, चाळीसेक रुपयांचं. गंमत अशी की त्या ४०० मिलीलिटरमध्ये ऊर्जा पावणेचार युनिटांची असते. तिचा मोठा भाग इंजिन तापवण्यात आणि सायलेन्सरमधून बाहेर हवेत जातो. पेट्रोल पंपावर आपण बहुतांशी उष्णता विकत घेत आलो आहोत.

तर तीन कोटी स्कूटरना रोज लागले सुमारे दोन कोटी युनिट. आकडा मोठा वाटतो. पण चंद्रपूरचं २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र पूर्ण भारावर एका दिवसात सात कोटी युनिट काढू शकतं (आणि त्यासाठी मालगाडीचे दहा-अकरा रेक कोळसा जाळतं). राज्याचा रोजचा वापर पन्नास कोटी युनिटांच्या वर आहे. म्हणजे राज्यातली झाडून सगळी दुचाकी वाहनं विजेवर आणली, तरी वाढ चार टक्क्यांच्या आत. वर पन्नास लाख मोटारी घ्या, रोज तीस किलोमीटर फिरणाऱ्या. त्यांचे सव्वादोन कोटी युनिट. दोन्ही मिळून सव्वाचार कोटी, फार तर आठ टक्के. एवढी वाढ तर एखादा कडक उन्हाळा करून जातो.

भीती मिटली? आता हीच माणसं ऑफिसातून घरी आणू. संध्याकाळी सात वाजता तीन कोटी स्कूटर भिंतीला लागल्या. एकेका चार्जरचा भार अर्धा किलोवॉट: १५ हजार मेगावॉट. पन्नास लाख मोटारी जिन्याखालच्या साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर, प्रत्येकी ३.३ किलोवॉट: आणखी साडेसोळा हजार. बेरीज साडेएकतीस हजार मेगावॉट. भर उन्हाळ्यात आज सगळं राज्य मिळून जेवढी वीज ओढतं, तेवढी किंवा त्याहून जास्त, आणि तीही दिवे-पंखे-एसी यांच्या वर. सोळा कोयना बांधल्या तरी कमीच पडतील. युनिट आठ टक्के आणि भार दुप्पट, दोन्ही आकडे त्याच गाड्यांचे.

सगळे एकाच मिनिटाला थोडेच बटण दाबतात, असं कोणी म्हणेल. खरं आहे, रोज दाबत नाहीत. पण एकदा साऱ्या देशाने दाबलं होतं. ५ एप्रिल २०२०, रविवार, रात्री ९. लॉकडाऊनमध्ये नऊ मिनिटं दिवे मालवून पणत्या लावायचं आवाहन पंतप्रधानांनी केलं होतं. वीज पाठवणाऱ्या नियंत्रण कक्षांचा अंदाज होता की मागणी १२ ते १४ हजार मेगावॉटने उतरेल. ती उतरली ३१ हजारांनी. देशाच्या लोकसंख्येने भागलं तर माणशी तेवीस वॉटसुद्धा नाहीत, अडीच एलईडी दिवे. पण ग्रिडची कंपनसंख्या ५० हर्ट्झच्या आसपास राखायची म्हणजे जेवढा वापर तेवढीच निर्मिती, दर क्षणाला. त्या रात्री देशभरच्या जलविद्युत केंद्रांनी काही मिनिटांत सतरा हजार मेगावॉटहून अधिक निर्मिती खाली आणली आणि पणत्या विझल्यावर पुन्हा वर नेली. कोळशाच्या केंद्रांना ही कसरत झेपली नसती. माझ्या मते त्या नऊ मिनिटांतला सगळ्यात मोठा तमाशा बाल्कन्यांत नव्हता, धरणांच्या पायथ्याशी होता. तो फार थोड्यांनी पाहिला.

आता दुपारकडे वळू. पृथ्वीवर सूर्याची जेवढी ऊर्जा एका तासात येऊन पडते, साधारण तेवढीच सगळी मानवजात वर्षभरात वापरते. आपण तिचा चिमूटभर भागही घेत नाही, पण घेण्याचा वेग चक्रावणारा आहे. २०१४ साली भारतात सौरऊर्जेची क्षमता तीन हजार मेगावॉटही नव्हती; जानेवारी २०२५ मध्ये ती एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. कच्छच्या रणात खावडा इथे ३० हजार मेगावॉटचं उद्यान उभं राहतं आहे, ७२,६०० हेक्टरांवर. बृहन्मुंबईचं क्षेत्रफळ ६०० चौरस किलोमीटरच्या जवळपास. म्हणजे अख्खी मुंबई उचलून तिथे ठेवली तरी कडेने शंभर-सव्वाशे चौरस किलोमीटर उरतील. आणि किंमत? २०१० मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौरविजेसाठी युनिटला १७ रुपये ९१ पैसे दर धरला होता. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या निविदेत बोली लागली १ रुपया ९९ पैशांची.

मग आपलं बिल का उतरत नाही? कारण एक रुपया नव्व्याण्णव पैसे हा दुपारी बाराचा भाव आहे आणि आपण बराचसा माल संध्याकाळी घेतो. वीज एक्स्चेंजवर हे उघडं दिसतं. तिथे दर पंधरा मिनिटांना वेगळा भाव निघतो. दुपारी तो कधी कधी दोन रुपयांखाली येतो. २०२५ च्या मे महिन्यात एका रविवारी तर काही तास जवळजवळ शून्यावर आला होता. आणि टंचाईच्या दिवशी सूर्य मावळला की तोच भाव आयोगाने घातलेल्या दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. सकाळी शंभर रुपयांना गेलेली कोथिंबिरीची जुडी बाजार उठताना पाचला मिळावी तसंच हे, फक्त इथे बाजार दुपारी उठतो आणि रात्री पुन्हा भरतो.

शिवाय तारा, सबस्टेशनं, डीपी हे सगळं सर्वांत जड तासाच्या मापाने बांधावं लागतं. औष्णिक केंद्राशी करार केला की ते दुपारी मंद चाललं तरी त्याचा ठरलेला खर्च द्यावाच लागतो. शेतीच्या स्वस्त विजेचा भार थोडा सरकारवर, थोडा इतर ग्राहकांवर. यातलं बरंचसं स्थिर आकार, वहन आकार अशा नावांनी बिलाच्या खालच्या ओळींत बसतं. या ओळींवर आपण कधी भांडत नाही. भांडतो युनिटच्या दरावर.

स्वस्त विजेचं घड्याळ उलटं फिरल्याचा पहिला फायदा ज्यांना व्हायला हवा होता, त्यांना तो होऊ लागला आहे, हे मात्र नोंदवायला हवं. वर्षानुवर्षं शेतकऱ्याला वीज मिळायची ती बऱ्याचदा रात्री, कारण रात्रीची वीज दुसऱ्या कुणाला नको असायची. विंचू-साप, काही तालुक्यांत बिबट्या, आणि हातात बॅटरी घेऊन उसाला पाणी. आता दुपारची वीज उतू जाते आहे, तर शेतीचे फिडर सौर प्रकल्पांना जोडले जात आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्याचं लक्ष्य १६ हजार मेगावॉटचं आहे आणि तिथली वीज तीन रुपयांच्या आसपास पडते. पंपाला सातचा मुहूर्त लागत नाही. तो दुपारी एकलाही आनंदाने चालतो.

उरलेली दुपार साठवायची कशी? एक उपाय जुनाच आहे. अहिल्यानगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघर इथे २५० मेगावॉटचं उदंचन केंद्र २००८ पासून आहे: वीज जास्त असेल तेव्हा पाणी कड्याखालच्या तलावातून वर चढवायचं, कमी पडेल तेव्हा खाली सोडायचं. चार युनिट घालून साधारण तीन परत मिळतात. बांधलं तेव्हा कल्पना अशी की पाणी रात्री चढवावं. आता त्याला दुपार सोयीची. टाटा पॉवरने ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारशी शिरवटा इथे १८०० आणि भिवपुरीत १००० मेगावॉटच्या अशाच प्रकल्पांसाठी करार केला आहे.

दुसरा उपाय बॅटरी. संध्याकाळचे चार तास १५ हजार मेगावॉट पुरवायचे तर सहा कोटी युनिट साठवायला हवेत. २०१० मध्ये लिथियम-आयन बॅटरी एका युनिटच्या साठवणीला अकराशे डॉलरच्या वर पडायची. २०२४ मध्ये सरासरी ११५ डॉलर. २०२४ च्या भावाने त्या सहा कोटी युनिटांना साठ हजार कोटी रुपयांच्या घरात खर्च येईल. २०१० च्या भावाने साडेपाच लाख कोटींच्या वर आला असता.

आता मघाचा साडेएकतीस हजार मेगावॉटचा राक्षस पुन्हा बोलावू. त्यातल्या फक्त मोटारी घ्या. एकेकीच्या पोटात ३५ युनिटांची बॅटरी आहे. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराला ती दहा दिवस पुरेल. पन्नास लाख मोटारी म्हणजे साडेसतरा कोटी युनिटांची साठवण. संध्याकाळच्या गरजेच्या जवळजवळ तिप्पट, कोयनेच्या सरासरीने तेवीस दिवसांची वीज, आणि तिचे पैसे मोटारवाल्यांनी आधीच भरलेले. सात वाजता ग्रिडवर तुटून पडणाऱ्या याच गाड्या दुपारी भरल्या तर संध्याकाळी ग्रिडला वीज उसनी देऊ शकतात. तशी यंत्रणा जगात काही ठिकाणी चालू आहे. आपल्याकडे तिची चर्चा आहे.

तूर्त एवढं झालं आहे: १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत आहे. बिलावर 'कधी' हा रकाना आला. पण त्या आठ तासांत नोकरदाराची स्कूटर घरी नसतेच. ती कल्याणच्या किंवा पनवेलच्या स्टेशनाबाहेर, पे-अँड-पार्कच्या पत्र्याखाली, शेकडो स्कूटरांना खेटून उभी असते, आणि तिथे सॉकेट नसतो. अशा हजार स्कूटरना दिवसभरात ६५० युनिट लागतील. पत्र्यावर पॅनेल टाकली तर दर किलोवॉटला शंभर चौरस फूट जागा आणि दिवसाला चार युनिट, म्हणजे सोळा-सतरा हजार चौरस फूट. सगळ्यांनी एकदम चार्जर लावला तरी भार ५०० किलोवॉट. त्याला ६३० केव्हीएचा एक डीपी पुरतो.