अंगठा लागत नाही, दोष कुणाचा?

एकदा आम्ही अकोल्याहून अमरावतीला निघालो होतो. वाटेत एका गावी थांबलो. सेवा केंद्राच्या ओसरीवर एक म्हातारी बसली होती. हातात आधार कार्ड आणि पासबुक. तोंड उतरलेले.

आम्ही विचारले, "काय झालं वो माय?"

ती म्हणाली, "काय सांगू बापू! तीन खेपा झाल्या. किसानचे दोन हजार अडकले. माहा अंगठाच लागत नाही म्हन्ते. कापूस येचू येचू रेघाच झिजल्या असतीन."

आम्ही आत गेलो. अंगठ्याचे यंत्र लॅपटॉपला लावलेले होते. त्यात उजेडही दिसत होता. पण पडद्यावर अक्षरे होती, 'यंत्र सापडले नाही.' म्हणजे अंगठ्याची पाळी आलीच नव्हती. आधी यंत्राची आणि लॅपटॉपचीच गाठ पडली नव्हती.

केंद्रातला पोरगा म्हणाला, "काकाजी, लाइट तं लागते ना!"

लाइट लागते, मग अडते कुठे? ते समजून घेऊ.

लॅपटॉपला माऊस, प्रिंटर, पेनड्राइव्ह, अंगठ्याचे यंत्र अशा वस्तू जोडतात. पूर्वी दर वस्तूच्या जोडाचे तोंड वेगळे असे. १९९६ साली काही मोठ्या कंपन्यांनी मिळून सगळ्यांसाठी एकच जोड ठरवला. त्याला यूएसबी म्हणतात.

साध्या यूएसबी वायरच्या पोटात चार बारीक तारा असतात. दोन तारा वीज नेतात. दोन तारा निरोप नेतात. मोबाइल चार्ज करण्याच्या काही स्वस्त वायरींत निरोपाच्या तारा नसतातच. तशी वायर लावली की दिवा लागतो, पण निरोप जात नाही. त्या पोराची जुनी वायर तुटली होती. त्याने अशीच चार्जिंगची वायर लावली होती.

आता सांगा, शेतातली मोटर सुरू झाली नाही तर आपण ती लगेच विहिरीतून वर काढतो का? नाही. आधी लाइन आहे का ते पाहतो. मग फ्यूज पाहतो, स्टार्टर पाहतो, वायर पाहतो. मोटरवर हात जातो तो शेवटी. लॅपटॉपचेही तसेच करावे.

पहिले, यंत्र काढून पुन्हा नीट बसवावे. घरातली वीज २३० व्होल्टची असते. यूएसबीची साधी वीज फक्त ५ व्होल्टची. म्हणून भिऊ नये. पण जोर करू नये. एका बाजूने जात नसेल, तर उलटे करून पाहावे.

दुसरे, लॅपटॉपच्या दुसऱ्या छिद्रात लावून पाहावे. तिथे चालले, तर पहिले छिद्र खराब आहे किंवा त्यात कचरा आहे. आपल्याकडे धूळ आणि कापसाची तूस कुठेही शिरते. लॅपटॉप बंद करून कोरड्या मऊ ब्रशने ती काढावी. पिन घालू नये. पाणी लावू नये.

तिसरे, एका छिद्राला पुष्कळ वस्तू जोडल्या असतील, तर बाकीच्या काढाव्यात. एका डीपीवर पंप वाढले की मोटर जोर धरत नाही. इथेही तसेच होते.

चौथे, वायर बदलून पाहावी. बिनतारी माऊस असेल, तर त्याचा सेल बदलावा.

पाचवे, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करावा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

सहावे, ड्रायव्हर पाहावा. ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा नव्हे. हा लॅपटॉपमधला एक प्रोग्राम असतो. मेळघाटात एकाला फक्त कोरकू येते आणि दुसऱ्याला फक्त मराठी. मग दोन्ही भाषा जाणणारा माणूस मध्ये लागतो. यंत्र आणि लॅपटॉप यांच्यामधला असा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. आधारच्या कामाला अंगठ्याच्या यंत्रासाठी 'आरडी सर्व्हिस' नावाचा आणखी एक प्रोग्राम लागतो. तो बंद असला तर यंत्र जोडलेले असूनही काम होत नाही.

शेवटी, तेच यंत्र दुसऱ्या लॅपटॉपला लावून पाहावे. तिथेही चालले नाही, तरच यंत्र बिघडले असे समजावे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष कशात होता ते कळत नाही. उद्या पुन्हा तीच अडचण.

त्या पोराने शेजारच्या दुकानातून चांगली वायर आणली. यंत्राची ओळख पटली. मायने पदराला हात पुसला आणि अंगठा ठेवला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला.

माय हसली. म्हणाली, "म्हन्जे माहा अंगठा चांगला हाये!"

मंडळी, कष्टाच्या हाताच्या रेघा खरोखर झिजतात. पण दर वेळी दोष अंगठ्याचाच असतो असे नाही. म्हणून केंद्रात कुणी "अंगठा लागत नाही" म्हटले, तर नुसते परत फिरू नका. नम्रपणे विचारा, "यंत्र सापडलं का? दुसऱ्याचा अंगठा लागतो का?" दुसऱ्याचाही लागत नसेल, तर दोष यंत्राकडे आहे. फक्त आपलाच लागत नसेल, तरी वाट बंद नाही. पीएम किसानची ई-केवायसी मोबाइलवरच्या ओटीपीने होते, चेहरा दाखवूनही होते. मात्र फोनवर कुणी ओटीपी मागितला, तर देऊ नका.

यंत्र माणसासाठी आहे. ते अडले, तर त्याला तपासावे. उगाच आपल्या हाताला बोल लावू नये.