उशीत राहणारा, हवा पिणारा

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. नेमक्या याच युक्तीवर एक जीव आपल्या उशीत जगतो. त्याचं नाव डस्ट माइट. लांबी मिलिमीटरचा जेमतेम तिसरा-चौथा हिस्सा, पाय आठ, डोळे नाहीत. तो गोचीड आणि कोळ्याच्या कुळातला. आपल्या अंगावरून झडणारा कातडीचा कोंडा हे त्याचं अन्न. पण पाणी? गादीत पाणी कुठून येणार!

ते तो हवेतून ओढतो. त्याच्या पुढच्या पायांच्या बुडाशी ग्रंथी असतात. त्यांतून खारट द्राव पाझरतो, हवेतली वाफ शोषतो आणि बारीक चरातून वाहत तोंडाशी येतो. हवा कोरडी पडली की त्याच मिठाचे स्फटिक होऊन ग्रंथीचं तोंड बुजतं, म्हणजे अंगातलं पाणी तिथून निसटत नाही. एवढ्याशा देहात केवढी ही करामत!

धुळीने शिंका येतात, दमा उसळतो, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होतं. त्यामागे हा जीव आहे, हे १९६४ साली नेदरलँड्समधल्या लेडन इथे व्होरहोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. पुढे १९८१ मध्ये आणखी उलगडा झाला: खरा त्रास मुख्यतः त्याच्या विष्ठेचा. अन्न पचवणारी त्याची विकरं त्या इवल्या गोळ्यांतून बाहेर पडतात. त्यांतलं एक प्रथिनं तोडणारं असतं. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींना जोडून ठेवणारे सांधेही ते सैल करतं. माइटच्या पोटातलं पाचक आपल्या छातीत काम करत राहतं, याचं मला आजही नवल वाटतं.

या गोळ्या तुलनेने जड असतात. गादी झटकली की उडतात आणि थोड्या वेळात खाली बसतात. मांजराचं अ‍ॅलर्जन तासन्‌तास तरंगत राहतं, तसं यांचं नाही. म्हणून माइटच्या त्रासावर हवा गाळणाऱ्या महागड्या यंत्राचा उपयोग बेताचाच. जिथे डोकं टेकतो ती उशी महत्त्वाची.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वैशाखाच्या कोरड्या हवेत माइट तग धरू शकत नाहीत. पावसाळ्यात मात्र त्यांची वीण वाढते. कोकणात तर दमटपणा बाराही महिने असतो. आपल्याकडे घटस्थापनेआधी गावोगाव नदीवर गोधड्या धुतात. पाऊस सरताना, घरात माइट आणि त्यांची घाण भरपूर साचलेली असते, अगदी तेव्हा! परंपरेचं कारण वेगळं असेल, पण वेळ अचूक आहे. कडक उन्हाने माइट मरतात, विष्ठा मात्र तशीच राहते. ती पाण्यात विरघळते, म्हणून धुणं हवंच.

घरात कुणाला धुळीची अ‍ॅलर्जी असेल तर अभ्रे आणि चादरी आठवड्यातून एकदा साठ अंशांच्या गरम पाण्यात धुवा; त्या तापमानाला माइटही मरतात. गादी-उशीला घट्ट विणीची, चेन लावता येणारी खोळ घाला. फर्निचर कोरड्या फडक्याने झटकू नका, ओल्याने पुसा. गाद्या झटकायचं काम दम्याच्या माणसाकडे देऊ नका. आणि घर कितीही स्वच्छ झालं, तरी डॉक्टरांनी दिलेला पंप त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.