‘चॅटरबॉक्स’ : शब्द आणि मोजमाप

सतत बोलणाऱ्या मुलाला इंग्रजीत सहजपणे ‘चॅटरबॉक्स’ म्हणतात. हा शब्द कसा बनला, आणि ज्याला तो चिकटतो तो खरोखरच जास्त बोलतो का, हे पाहू या.

‘चॅटर’ हा आवाजाच्या अनुकरणातून आलेला शब्द आहे. मध्ययुगीन इंग्रजीत तो पक्ष्यांच्या किलबिलाटासाठी वापरत. थंडीने दातांवर दात आपटतात, त्यालाही ‘चॅटर’च म्हणतात. शब्दाच्या शेवटचा ‘अर’ हा प्रत्यय क्रिया पुन्हा पुन्हा घडते असे सुचवतो. त्याला ‘बॉक्स’ जोडला की माणूस म्हणजे आवाजाने भरलेली पेटी! मराठीतील ‘बडबड’ आणि ‘वटवट’ हे शब्दही अनुकरणवाचकच. ‘टकळी’ हे तर सूत कातायचे साधन. एकदा गिरकी दिली की फिरतच राहते.

या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे. बोलणाऱ्याने काय सांगितले, हे त्यांत येत नाही. ऐकणाऱ्याला काय वाटले, एवढेच येते. म्हणजे हे शब्द माप नव्हेत, मत आहे.

मग प्रत्यक्ष मोजले तर? स्त्रिया दिवसाला सुमारे २०,००० शब्द बोलतात आणि पुरुष ७,०००, असा दावा २००६ साली ‘द फीमेल ब्रेन’ या पुस्तकात आला आणि सर्वत्र पसरला. २००७ मध्ये मथियास मेल आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात मोजणीच प्रसिद्ध केली. अमेरिका व मेक्सिकोतील ३९६ विद्यार्थ्यांजवळ त्यांनी छोटे ध्वनिमुद्रक दिले होते. ते ठरावीक वेळाने आपोआप थोडा वेळ चालू होत. केव्हा, हे विद्यार्थ्याला कळत नसे. सरासरी निघाली स्त्रियांची १६,२१५ शब्द आणि पुरुषांची १५,६६९. हा फरक नगण्य होता. याउलट व्यक्तीव्यक्तींतील फरक प्रचंड होता : कोणी हजाराच्या आत, तर कोणी ४७,००० च्या आसपास!

२०२५ मध्ये चार देशांतील २,१९७ व्यक्तींची अशीच मोजणी प्रसिद्ध झाली. २५ ते ६४ या वयोगटात स्त्रिया सुमारे ३,००० शब्द जास्त बोलत होत्या. मात्र १० ते १७ या वयात, म्हणजे शाळेच्या वयात, मुलगे आणि मुली यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. ‘मुली फार बडबड्या’ हे विधान वर्गात करण्यापूर्वी हे आठवावे.

आणि वर्गात सर्वांत जास्त कोण बोलते? अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ नेड फ्लँडर्स यांनी अनेक वर्गांच्या निरीक्षणातून ‘दोन-तृतीयांशाचा नियम’ मांडला. तासाचा सुमारे दोन-तृतीयांश वेळ कोणीतरी बोलत असते, आणि त्या बोलण्यातील सुमारे दोन-तृतीयांश वाटा शिक्षकांचा असतो.

हा प्रयोग आपल्या वर्गात सहज करता येईल. दोन विद्यार्थ्यांना घड्याळ व वही द्या. दर दहा सेकंदांनी त्या क्षणी कोण बोलत आहे याची खूण करायची : शिक्षक, मुलगा, मुलगी की शांतता. तास संपल्यावर खुणा मोजा, त्यांचा स्तंभालेख काढा. मोजण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज लिहून ठेवावा. अंदाज आणि आलेख यांच्यात जे अंतर पडेल, त्यावरच मुलांशी बोलावे. ‘चॅटरबॉक्स’ कोण, याचे उत्तर तेव्हा कदाचित फळ्याजवळच सापडेल.