वयाचे डाग आणि वनस्पतींचा उतारा

चाळिशी ओलांडल्यावर गालांवर आणि हातांच्या पाठीवर तपकिरी ठिपके उमटू लागले की त्यांना सरसकट ‘वांग’ म्हटले जाते. वास्तविक वांग हा बहुधा संप्रेरकांशी निगडित, दोन्ही गालांवर पसरणारा विकार आहे. वयाचे डाग म्हणजे वर्षानुवर्षांच्या उन्हाचे संचित. यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी आणि सोयाबीनची कापणी उघड्या रानात होते. त्यामुळे ते इथे विशेष ओळखीचे.

अतिनील किरणांमुळे त्वचेत प्राणवायूचे उपद्रवी रेणू तयार होतात आणि टायरोसिनेज हे विकर अधिक रंगद्रव्य बनवू लागते. अँटिऑक्सिडंट नेमके येथे हस्तक्षेप करतात. आवळ्यासारख्या फळांत विपुल असलेले ‘क’ जीवनसत्त्व रंगद्रव्य बनण्याच्या प्रक्रियेत अडथळा आणते. मात्र हवा-प्रकाश लागताच ते बिघडते. म्हणून पिवळट-तपकिरी झालेले सीरम निरुपयोगी समजावे. ज्येष्ठमधातील ग्लॅब्रिडिन टायरोसिनेजलाच आवर घालते. सोयाबीनची गोष्ट अधिक रंजक आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, त्यातील एक प्रथिन तयार रंगद्रव्य वरच्या पेशींकडे जाण्यालाच अटकाव करते. परंतु उष्णतेने ते निकामी होते. उकळलेल्या दुधाचा लेप लावून काही साधत नाही. लिंबू तर टाळावेच. त्याचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून डाग अधिक गडद होऊ शकतो.

या द्रव्यांचा परिणाम सौम्य असतो आणि त्याला काही महिने लागतात. जुना, गडद डाग त्यांनी पुसला जाईलच असे नाही. त्यासाठी लेसर किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखालील औषधे लागतात. सनस्क्रीन, रुमाल वा टोपी नसेल, तर महागडे क्रीमही वाया जाते.

खरा धोका आहे तो झटपट गोरेपणाच्या क्रीमचा. २०२३ मध्ये अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींना अशा क्रीमनंतर मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे उघड झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत क्रीममध्ये पारा सापडला. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवतीची उत्पादने वगळता इतर प्रसाधनांत अनवधानाने आलेला पाराही दहा लाखांत एका भागाहून अधिक चालत नाही. स्टिरॉइडयुक्त मलमांची अनेक नावे २०१८ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या यादीत आली. वेष्टनावर घटकद्रव्ये, उत्पादकाचा पत्ता वा परवाना क्रमांक नसेल, तर ‘हर्बल’ या शब्दावर विसंबू नये. डाग वाढू लागला, त्याची कड वेडीवाकडी झाली किंवा त्यातून रक्त आले, तर कोणतेही क्रीम न लावता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.