जाम इंजिनाची सोडवणूक : आधी पाण्याचा माग, मग पाना
जुन्या यंत्रांचे पुनरुज्जीवन : लेखांक सातवा

मागील लेखांकात जुन्या यंत्राची ओळख कशी पटवावी आणि त्याच्या सुट्या भागांची उपलब्धता कशी तपासावी, याचा विचार झाला. प्रस्तुत लेखांकाचा विषय हौशी कारागिराला सर्वाधिक धास्तावणारा आहे : नौकेच्या पोटात वर्षानुवर्षे पडून राहिल्याने जाम झालेले, म्हणजे ज्याचा क्रँकशाफ्ट तसूभरही फिरत नाही असे, इंजिन. अशा इंजिनाशी पहिली गाठ पडताच लांब दांड्याचा पाना शोधण्याची प्रवृत्ती स्वाभाविक असली, तरी ते कसे फिरवावे हा प्रश्न खरोखर दुय्यम आहे. आत पाणी कोणत्या वाटेने शिरले हा मूळ प्रश्न असून, त्याचे उत्तर न शोधता सोडवलेले इंजिन त्याच वाटेने पुन्हा जाम होते.

विवेचनासाठी अमेरिकेतील ‘ॲटॉमिक फोर’ हे इंजिन निवडले आहे. विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथील युनिव्हर्सल मोटर कंपनीने १९४७ पासून १९८४ पर्यंत त्याचे उत्पादन केले आणि त्या काळात सुमारे ४० हजार इंजिने बाहेर पडली. पिअर्सन, टार्टन, कॅटालिना, सी अँड सी अशा उत्तर अमेरिकी बांधणीकारांच्या असंख्य शिडाच्या नौकांत ते बसवले गेले. शिडाच्या नौकेत इंजिनाचे काम मुख्यतः बंदरात शिरताना आणि वारा पडल्यावर असल्याने ते वर्षातून मोजकेच तास चालते आणि उरलेला काळ दमट, खाऱ्या हवेत निष्क्रिय पडून राहते. जाम होण्याची शक्यता या निष्क्रियतेतच वाढते. या इंजिनाचे बहुतेक सुटे भाग आजही नव्याने मिळत असल्यामुळे त्याच्या पुनरुज्जीवनाचा खटाटोप व्यवहार्य ठरतो.

हे इनबोर्ड प्रकारचे इंजिन आहे, म्हणजे ते नौकेच्या आत पक्के बसवलेले असते आणि तळातून बाहेर जाणाऱ्या दांड्याद्वारे पंखा फिरवते. चार सिलिंडर, चार स्ट्रोकचे चक्र, पेट्रोल हे इंधन, सुमारे १,०५० घन सेंटिमीटर क्षमता आणि ३० अश्वशक्ती ही त्याची ठळक वैशिष्ट्ये होत. त्याची रचना बाजूच्या झडपांची आहे : आधुनिक इंजिनांत झडपा दट्ट्याच्या डोक्यावर, हेडमध्ये असतात, तर येथे त्या सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच उभ्या असतात आणि वरचे हेड हे केवळ बिडाचे जाड झाकण असते. या जुन्या रचनेमुळे संपीडन गुणोत्तर, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, जेमतेम ६.३ इतके राहते. कार्यक्षमतेच्या दृष्टीने ही उणीव असली, तरी दुरुस्तीच्या दृष्टीने तीच रचना सोयीची ठरते, कारण हेड काढताना झडपांच्या यंत्रणेला हात लावावा लागत नाही आणि उघडी अडकलेली झडप दट्ट्याच्या वाटेत येत नाही.

आता पाण्याच्या वाटेकडे वळता येईल. मूळ ॲटॉमिक फोर समुद्राच्या पाण्यानेच थंड होते : पंप बाहेरचे पाणी खेचतो, ते ब्लॉक आणि हेडमधील पोकळ्यांतून फिरते आणि शेवटी धुराच्या नळीत सोडले जाते, जेणेकरून तप्त धूर थंड व्हावा आणि पुढची नळी रबरी वापरता यावी. पाणी आणि धूर नौकेच्या तळाशी असलेल्या एका डब्यात, म्हणजे वॉटरलिफ्ट मफलरमध्ये, एकत्र येतात आणि धुराचा दाब ते पाणी वर उचलून नौकेबाहेर फेकतो. ही रचना चालत्या इंजिनासाठी उत्तम आहे, परंतु इंजिन सुरू होत नसताना चालक स्टार्टर दाबत राहिला, तर पंप पाणी खेचतच राहतो आणि ते बाहेर फेकण्यासाठी लागणारा धुराचा दाब मात्र निर्माण होत नाही. मफलर भरतो, पाणी नळीत उलटे चढते आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून, म्हणजे चारही सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या नळकांड्यातून, झडपांपर्यंत पोहोचते. चारही सिलिंडरांची चक्रे क्रँकशाफ्टच्या अर्ध्याअर्ध्या फेऱ्याने पुढेमागे असल्याने इंजिन कोठेही थांबले तरी निदान एका सिलिंडरची एक्झॉस्ट झडप उघडी असतेच, आणि पाणी नेमके त्याच सिलिंडरमध्ये उतरते. जाम इंजिनातील सर्व सिलिंडर सारखे गंजलेले नसून बहुधा एक किंवा दोनच का खराब असतात, याचा उलगडा यातून होतो.

पाणी शिरण्याच्या आणखी तीन वाटा लक्षात घ्याव्या लागतात. पाणी मिसळण्याच्या जागेआधीचा धुराचा लोखंडी पाइप उष्णता आणि क्षार यांमुळे आतून खात जातो आणि त्याला छिद्र पडले की पाणी थेट मॅनिफोल्डकडे ओघळते. पाण्याचा मार्ग नौकेच्या जलरेषेखाली असेल आणि त्यात हवा घेणारी झडप बसवलेली नसेल किंवा ती क्षारांनी बुजलेली असेल, तर इंजिन बंद झाल्यावरही समुद्राचे पाणी वक्रनलिकेच्या तत्त्वाने आपोआप आत वाहत राहते. हेडखालचे गॅस्केट जळालेले असेल किंवा ब्लॉकला तडा गेला असेल, तर शीतनाचे पाणी सरळ सिलिंडरमध्ये झिरपते. विस्कॉन्सिन किंवा न्यू इंग्लंडसारख्या कडक हिवाळ्याच्या प्रदेशात हा तडा विशेष संभवतो, कारण गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि ब्लॉकमध्ये राहून गेलेले पाणी बिडाची भिंत फोडते. म्हणून अन्य कोणत्याही खर्चाआधी ब्लॉकची तड्यांसाठी तपासणी अनिवार्य आहे.

सिलिंडरमध्ये उतरलेले पाणी दट्ट्याच्या माथ्यावर साचते आणि दट्ट्याभोवतीच्या कड्यांपर्यंत, म्हणजे दाब रोखून धरणाऱ्या बिडाच्या रिंगांपर्यंत, झिरपते. रिंग आणि सिलिंडरची भिंत यांत तेलाच्या थराइतकेच अंतर असते, तर गंजाचे आकारमान तो ज्या लोखंडापासून बनतो त्याच्या दुपटीहून अधिक असते. साहजिकच गंज वाढू लागला की त्याला जायला जागा उरत नाही आणि रिंग भिंतीशी पाचरीसारखी आवळली जाते. इंजिन जाम होते ते या अतिशय पातळ थरामुळे; त्याचे बहुतांश पोलाद आणि बीड अद्याप सुस्थितीत असू शकते, आणि पुनरुज्जीवनाची सारी आशा या वस्तुस्थितीवर उभी आहे.

निदानाचा पहिला टप्पा म्हणजे इंजिन खरोखर आतून जाम आहे का, हे पाहणे होय. गिअर चुकून पुढे किंवा मागे पडलेला असेल, तर पंख्याला चिकटलेल्या शिंपल्यांमुळे किंवा दांडा जेथून बाहेर जातो त्या स्टफिंग बॉक्समधील आवळलेल्या भरणामुळेही इंजिन फिरत नाही. स्टार्टरचा छोटा दातेरी पिनियन फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, दात्यांत अडकून बसल्यानेही हीच लक्षणे दिसतात. तेव्हा गिअर मध्यस्थितीत आणून, आवश्यक तर पंख्याचा दांडा इंजिनापासून सोडवून आणि स्टार्टर उतरवून या शक्यता आधी निकाली काढाव्यात. त्यानंतर चारही स्पार्क प्लग काढणे ही न टाळता येणारी पायरी आहे, कारण पाणी दाबले जात नाही आणि भरलेल्या सिलिंडरवर जोर लावल्यास दट्ट्याला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. तेलपट्टीवरील तेल दुधट दिसल्यास पाणी खाली तेलाच्या टाकीपर्यंत पोहोचल्याचे समजावे आणि ते तेल ताबडतोब उपसावे.

सोडवणुकीचे मुख्य साधन हे द्रव आणि वेळ आहे. अत्यंत पातळ तेल केशाकर्षणाने, म्हणजे सूक्ष्म फटीत आपोआप ओढले जाण्याच्या द्रवाच्या गुणधर्माने, गंजाच्या थरात शिरते. ॲटॉमिक फोरच्या हौशी जाणकारांत यासाठी ‘मार्व्हल मिस्टरी ऑइल’ रूढ आहे. स्वयंचलित गिअरचे तेल आणि ॲसिटोन यांचे समभाग मिश्रणही प्रचलित असले, तरी ॲसिटोनची वाफ ज्वलनशील आणि हवेपेक्षा जड असल्याने नौकेच्या बंदिस्त पोटात ते वापरणे धोक्याचे आहे. इंजिन बाहेर काढून उघड्या जागेत ठेवले असेल तरच त्याचा विचार करावा. प्रत्येक सिलिंडरमध्ये द्रव ओतून त्याची पातळी रोज पाहावी. ज्या सिलिंडरमधील द्रव उतरत जातो त्यात फट मोकळी होत आहे आणि ज्यात तो तसाच राहतो तेथे गंज अधिक घट्ट आहे, एवढा तर्क त्यावरून बांधता येतो; मात्र द्रव उघड्या झडपेवाटेही निघून जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे.

काही दिवस भिजल्यानंतर जोर लावायचा तो फ्लायव्हीलकडून, मध्यम लांबीच्या पान्याने, दोन्ही दिशांनी आलटून पालटून. केसाएवढी हालचाल मिळाली तरी तेथे थांबून द्रव पुन्हा आत जाऊ द्यावा, कारण एकाच दिशेने रेटत गेल्यास सुटलेला गंज रिंगेपुढे साचून तिला पुन्हा आवळतो. स्टार्टरचा उपयोग या टप्प्यावर कटाक्षाने टाळावा. तरीही इंजिन दाद देत नसेल, तर हेड उतरवावे लागते. त्याचे जुने खिळे, म्हणजे स्टड, गंजाने अशक्त झालेले असल्याने नट सोडवण्याआधी तेही भिजवणे आणि जपून तापवणे श्रेयस्कर असते.

हेड निघाल्यावर दट्ट्यावर कठीण लाकडाचा ठोकळा ठेवून ठोके देण्याची रीत आहे. ती अवलंबण्यापूर्वी दट्ट्याची स्थिती तपासणे अगत्याचे आहे. या इंजिनात पहिला आणि चौथा दट्ट्या एकाच उंचीवर असतात, तर दुसरा आणि तिसरा त्यांच्या उलट. दट्ट्या अगदी वरच्या किंवा खालच्या टोकाला असेल, तर रॉड आणि क्रँक एका रेषेत येतात, ठोक्याने फिरण्याची गती निर्माण होत नाही आणि सर्व आघात थेट बेअरिंगांवर पडतो. दट्ट्या मधल्या उंचीवर असेल तरच हलक्या, सातत्याच्या ठोक्यांचे रूपांतर फिरण्यात होऊ शकते. या रीतीत जोरापेक्षा कंपनाला महत्त्व आहे, कारण कंपनाने गंजाचा थर भुसभुशीत होतो आणि तेलाला वाट मिळते.

इंजिन फिरू लागल्यावर काम संपत नाही. झडपांचे दांडे त्यांच्या मार्गदर्शक नळ्यांत चिकटून राहिल्यास झडप उघडीच राहते आणि त्या सिलिंडरमध्ये दाब तयार होत नाही. अशा झडपेच्या दांड्याला तेल देऊन, ती हळूच खाली ठोकून आणि क्रँक फिरवून कॅमने पुन्हा वर उचलू देऊन, हे चक्र ती आपल्या स्प्रिंगच्या बळावर मिटू लागेपर्यंत चालवावे लागते. सिलिंडरच्या भिंतीवरील गंजाचा पापुद्रा होनने, म्हणजे फिरत्या घासणदगडाने, काढल्यावर उरलेले खड्डे रिंगांच्या मार्गात खोल असतील, तर सिलिंडर नव्याने मोठा कापून घेण्याला पर्याय नसतो. उथळ खड्डे मात्र चालून जातात. निर्णयाचा आधार म्हणून दाबमापक वापरावा : सुस्थितीतील ॲटॉमिक फोरचा प्रत्येक सिलिंडर सुमारे १०० पौंड प्रति चौरस इंच दाब दाखवतो आणि या आकड्यापेक्षाही चारही सिलिंडरांतील समानतेला अधिक अर्थ असतो. आरंभीचा कमी दाब काही तास चालल्यावर, रिंगा मोकळ्या झाल्या की, बऱ्याचदा सुधारतो. त्यामुळे पहिल्याच मोजणीवर इंजिन मोडीत काढू नये.

यानंतर पाण्याची वाट बंद करण्याचे काम येते आणि तेथे काटकसर करणे म्हणजे आधीचे सारे श्रम वाया घालवणे होय. धुराचा लोखंडी पाइप बाहेरून चांगला दिसला तरी बदलावा, हवा घेणारी झडप उघडून स्वच्छ करावी, मफलरची क्षमता आणि त्याची मॅनिफोल्डखालची उंची तपासावी. इंजिन लवकर सुरू होत नसेल, तर समुद्राच्या पाण्याची तळझडप बंद ठेवूनच स्टार्टर चालवावा आणि इंजिन पेटताच ती उघडावी, हा नियम चालवणाऱ्या प्रत्येकाने अंगी बाणवावा. एवढे करूनही पाणी आत शिरल्यास, त्याच दिवशी प्लग काढून पाणी बाहेर फेकणे, सिलिंडरमध्ये तेल घालणे, तळाचे तेल बदलणे आणि इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवणे, यामुळे गंज धरण्याआधीच बाधा टळते.

पहिल्या प्रज्वलनाआधी सुरक्षेचा विचार आवश्यक आहे. पेट्रोलची वाफही हवेपेक्षा जड असून नौकेच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने तिचा स्फोट होतो. त्यामुळे अमेरिकेत पेट्रोलच्या इनबोर्ड इंजिनाच्या कार्ब्युरेटरवर ज्वालारोधक जाळी असावी लागते, आणि १ ऑगस्ट १९८० पासून बांधलेल्या अशा नौकांना यांत्रिक वायुवीजनही सक्तीचे आहे. इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटे वायुवीजनाचा पंखा चालवण्याची सूचना चालकासमोर लावलेली असते. ॲटॉमिक फोर बसवलेल्या बहुतेक नौका या तारखेपूर्वीच्या असल्या, तरी पुनरुज्जीवन करणाऱ्याने हा पंखा आवर्जून बसवावा. दीर्घकाळ पडून राहिलेल्या टाकीतील इंधन वापरू नये आणि पहिली चाचणी वेगळ्या, योग्य बनावटीच्या लहान टाकीवर घ्यावी. इंजिन चालू होताच तेलाचा दाब आणि धुराच्या नळीतून पडणारे पाणी या दोहोंकडे लक्ष ठेवावे. यांपैकी एक जरी दिसले नाही, तरी विनाविलंब इंजिन थांबवावे. पहिल्या तापलेल्या फेरीनंतर तेल बदलावे आणि त्यात दुधटपणा दिसेनासा होईपर्यंत हा क्रम पुन्हा करावा.

या सर्व क्रमात हौशी कारागिराचा व्यावसायिकापेक्षा एक लाभ आहे. व्यावसायिकाला ग्राहकाच्या वेळेचे बंधन असते, म्हणून तो इंजिन बदलण्याचा सल्ला देतो. हौशी माणसाला मात्र तेल झिरपण्याची वाट पाहता येते, आणि गंजलेल्या बिडाच्या बाबतीत ही सवड कोणत्याही अवजाराइतकीच मोलाची असते. तिचा उपयोग केवळ इंजिन सुटण्याची वाट पाहण्यात न करता पाण्याचा प्रत्येक मार्ग शोधून बंद करण्यात केला, तर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे हे यंत्र पुन्हा भरवशाने बंदरात नेऊ-आणू शकते.

पुढील लेखांकात अशा सुटलेल्या इंजिनाची ठिणगी आणि इंधन या दोन व्यवस्था, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधील संपर्कबिंदू, कॉइल आणि कार्ब्युरेटर यांची तपासणी व जुळणी, क्रमाने पाहिली जाईल.